आईच्या आईचा भाऊ

सिद्धाराम हिप्परगी माझ्या दुकानावरून जिना चढताना नाकाला रुमाल लावायचा. मी शेंगाचटणी करणारी बाई. सकाळी उखळात मिरची-लसूण पडला की आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा शिंक येते, ते मला मान्य आहे. पण हा काही विलायतेहून उतरला नव्हता. मैंदर्गीच्या पुढचं आमचंच खेडं, चुलीच्या ठसक्यात वाढलेलं पोर. पुण्यात शिकायला काय राहिला, नाक बदलून आला.

आमची वरची खोली त्याला मीच दिली होती. त्याची आई नीलव्वा माझ्या माहेरच्या घरासमोरची. माझ्याहून बरीच लहान, मला अक्का म्हणणारी. "अक्का, पोरगं हुशार आहे. सोलापुरात तुझ्या सावलीला राहू दे," म्हणाली. मी राहू दिलं. त्यानं वर गेल्या गेल्या बोर्ड लावला. सिद्धाराम हे नाव त्याला जड झालं होतं. बोर्डावर लिहिलं, सिड सर.

वकिलीच्या कॉलेजात शिरायची जी परीक्षा असते, तिच्यातलं लॉजिकल रिझनिंग तो शिकवायचा. मी तिसरीतून शाळा सोडलेली, मला त्यातलं काय ठाऊक? माझी नात दानू त्या क्लासला जायची, तीच सांगायची. "अव्वा, चार वाक्यं देतात. त्यावरून पाचवं खरं की खोटं ते ओळखायचं."

"त्याला क्लास कशाला लागतो? चार जावांत एक दुपार बसलं की येतं."

दानू हसायची. दानेश्वरी तिचं नाव. माझी नात, आणि माझी पणतीसुद्धा. चुकून नाही बोलले. माझी थोरली लेक सुगला, तिची मुलगी कस्तुरा. त्या कस्तुराला मी माझ्या शेंडेफळाला, रेवणला, करून घेतली. मामाला भाची देणं आमच्याकडं पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. आता डॉक्टर नको म्हणतात, आम्हीही थांबवलं. पण जे झालं ते मांडवात झालं, चारचौघांत, वाजतगाजत. रेवणची पोरगी म्हणून दानू माझी नात. कस्तुराची पोरगी म्हणून पणती. लहानपणी रुसली की म्हणायची, "मला दोन लाडू. एक नातीचा, एक पणतीचा." मी देत होते.

एका दुपारी ती क्लास सुटायच्या आधीच खाली आली. दप्तर छातीशी धरलेलं. दुकानात बायका शेंगा पाखडत होत्या, त्यांच्याकडं न बघता आत गेली. मी आवाज दिला, ओ नाही. दुसऱ्या दिवशी क्लासला गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुस्तकं पलंगाखाली गेली. पोट दुखतंय, डोकं दुखतंय, असली शाळकरी पोरांची कारणं. आणि मग जेवायला बसलो असताना, कस्तुरा आमटी वाढत होती, तिला म्हणाली,

"आई, तू बाबांशी लग्न का केलंस?"

कस्तुराची पळी ताटावर तशीच राहिली. माझी ती पोर कुणाला उलटून बोललेली नाही. पळी भांड्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि परसात गेली. रेवण ताटावरून उठला.

मी दानूचं मनगट धरलं. "कुणी शिकवलं हे विचारायला?"

"कुणी नाही."

"दानू, मी तिखटात हात घालून आयुष्य काढलंय. मला डोळ्यातलं पाणी कशाचं ते कळतं. बोल."

बोलली. सिड सरांनी नात्यांचा प्रश्न घातला होता. एक मुलगी एका माणसाकडं बोट दाखवून म्हणते, हा माझ्या आईच्या आईचा सख्खा भाऊ. तर तो माणूस त्या मुलीचा कोण? खाली चार उत्तरं. मामा, काका, आजोबा आणि सांगता येत नाही. सगळ्या वर्गानं आजोबा लिहिलं. दानूनं लिहिलं, सांगता येत नाही.

"सर म्हणाले, का सांगता येत नाही? मी म्हटलं, सर, तो बापही असू शकतो."

"बरोबरच बोललीस की."

"सगळे हसले. सर म्हणाले, असं कुठं असतं? मी म्हटलं, आमच्या घरी. मग म्हणाले, ये, फळ्यावर काढून दाखव." तिनं नाक ओढलं. "मी काढलं, अव्वा. तू, सुगलाआजी, आई. बाबांपासून आईकडं रेघ ओढली तर ती आडवी गेली, बाकीच्यांना कापत. सर मार्कर घेऊन त्या रेघेभोवती गोल गोल फिरवत राहिले. म्हणाले, पाहा, याला कुटुंब म्हणत नाहीत. याला गुंता म्हणतात."

"आणि?"

"आता मला सगळे गुंता म्हणतात. गुंता आली, गुंता गेली."

त्या पोरीला न्यायाधीश व्हायचं होतं. आठवीत असल्यापासून. दुकानात भांडण झालं की शेंगांच्या पोत्यावर बसून दोन्ही बाजू ऐकायची. तीच आता म्हणाली, "मला नाही जायचं कुठल्या कॉलेजात. तिथंही विचारतील."

मी हात धुतले, पदर खोचला आणि जिना चढले.

सिद्धाराम फळा पुसत होता. वर्ग रिकामा. मला बघून खुर्ची पुढं केली नाही.

"दानू येत नाही क्लासला," मी म्हटलं.

"हो आजी. परीक्षा जवळ आली, तिला सांगा हयगय करू नको."

"तिचं उत्तर खोटं होतं का रे?"

त्याला कळलं मी कशासाठी आले ते. मान तिरकी करून हसला. "खोटं नव्हतं. पण चूक होतं."

"खोटं नाही ते चूक कसं?"

"आजी, तुम्हाला यातलं समजायचं नाही. परीक्षा घेणारा जे धरून चालतो तेच धरून चालायचं. आपल्या घरात काय आहे ते तिथं आणायचं नाही."

"मग तेवढंच सांगायचं होतंस तिला. गुंता कशाला म्हणालास?"

"विनोद हो. वर्ग जागा ठेवावा लागतो."

"बरं. उद्या त्याच वर्गापुढं एवढंच सांग की दानेश्वरी खोटं बोलली नव्हती, आणि मी गुंता म्हणालो ते माझं चुकलं. माझं दुसरं मागणं नाही."

त्यानं डस्टर आपटून झटकलं. "आजी, स्पष्ट बोलू? उद्या ती मोठ्या शहरात जाईल. तिथं अशा गोष्टी सांगितल्या तर लोक हसणारच. इथं थोडं हसले, सवय झाली. मी तिच्यावर उपकारच केलेत."

माझ्या ओठावर एक वाक्य आलं होतं. ते मी गिळलं. राग तोंडावाटे गेला की वाया जातो, हे मला सासूनं शिकवलेलं. "येते," म्हटलं आणि खाली आले.

तेव्हा तो सुटल्यासारखा हसला असणार. माहेरचं माणूस आहे, ही म्हातारी बोलून बोलून काय बोलणार, असं त्याला वाटलं असणार. माहेरचं झाकायचं असतं, असं आमच्यात लेकींना पाळण्यात सांगतात. त्या एका भरवशावर तो माझ्या छपराखाली बसून माझ्याच नातीला हसला होता.

त्याच आठवड्यात तो खाली दुकानात आला. रुमाल होताच.

"आजी, रविवारी सकाळी वर पालकांची सभा ठेवलीय. पुण्याचे पाहुणेही येणार आहेत. नगरकर वकील म्हणून आहेत, मोठं नाव. त्यांच्या मुलीशी माझं जमतंय. त्यांना क्लास बघायचाय. तर रविवारी कांडप बंद ठेवता येईल का? त्यांना हा वास..."

उखळावरच्या बायका थांबल्या. माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या, आता ही याला मुसळानं कांडते म्हणून.

"ठेवते की बंद," मी म्हटलं. "जिना पण शेणानं, नाही नाही, फिनेलनं पुसून घेते. सतरंज्या लागतील? खालच्या घे. आणि आम्ही आलो तर चालेल ना सभेला? पालकच आहोत."

"या ना," तो म्हणाला. माझ्या गोड बोलण्याला माणसं घाबरतात. हा घाबरला नाही. तर्क शिकवणारा माणूस!

शनिवारी मी रेवणला जीप काढायला लावली. "कुठं?" त्यानं विचारलं. "माहेरी," मी म्हटलं.

नीलव्वा अंगणात ज्वारी वाळत घालत होती. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, घरात एकटी. मला बघून तिला काय करू नि काय नको झालं. चहा टाकला, शेंगापोळी पुढं ठेवली.

"सिद्धू बरा आहे ना, अक्का? जेवतो ना वेळेवर?"

"तू येऊन बघितलं नाहीस कधी?"

"बोलावलं नाही अजून." तिनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं. "कामात असतो. म्हणतो, आई, जरा स्थिर होऊ दे, मग नेतो."

"पोराला शिकवताना बघायचंय तुला?"

तिचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर दुसरीकडं बघावं लागलं. "पण त्यानं बोलावलं नाही..."

"जागा माझी आहे. मी बोलावतेय. चल."

तिनं ठेवणीतलं हिरवं इरकल काढलं. कपाळाला विभूती लावली. पोरासाठी शेंगापोळ्यांचा डबा बांधला. वाटेत जीपमध्ये पुष्कळ बोलली. हळूहळू ते पण बोलली, जे तिला बोलायचं नव्हतं. मी ऐकत होते आणि हो हो म्हणत होते. पोचेपर्यंत रात्र झाली, वर अंधार होता; पोराला सकाळी वर्गातच बघ, म्हणून मी तिला खाली आमच्याकडंच निजवलं.

रविवारी वरची खोली भरली होती. पालक सतरंजीवर, पुढं खुर्च्या. नगरकर वकील, त्यांची बायको आणि मुलगी. माणसं चांगली वाटली, खरं सांगते. मुलगी तर फारच साधी. मी नीलव्वाला घेऊन सगळ्यात पुढं गेले आणि वकीलबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. दानूला बळेच आणलं होतं. ती माझ्यामागं सतरंजीवर, मान खाली घालून.

सिद्धाराम आत आला. हात जोडत, हसत, आणि मग त्याची नजर हिरव्या इरकलावर पडली.

आता सांगते मी काय योजलं होतं. नीलव्वाचा नवरा तिचा सख्खा मामा. आईचा धाकटा भाऊ. त्या लग्नात आरतीचं ताट माझ्या हातात होतं. म्हणजे सिड सरांनी फळ्यावर घातलेला प्रश्न हे त्यांचं स्वतःचं घर. त्यांच्या आईच्या आईचा भाऊ म्हणजे त्यांचे वडील. आणि नगरकरांनी लग्नाचं बोलताना विचारलं होतं, घरात नात्यातलं लग्न झालेलं आहे का, तर हा म्हणाला होता, नाही, आमच्याकडं तसलं काही नसतं. म्हणून आईला सांगितलं होतं, लग्न पक्कं होईपर्यंत तू येऊ नको, तू भोळी, काहीतरी बोलून जाशील. नीलव्वानं जीपमध्ये हे सगळं मला सांगितलं, वर म्हणाली, "त्याचंही बरोबरच आहे, अक्का." तेव्हा माझं ठरलं. सगळ्यांदेखत उठायचं आणि म्हणायचं, सर, माझ्या नातीकडून फळ्यावर घर काढून घेतलंत, आता तुमचं काढा. आई समोर बसलेली. खोटं बोलायला जागाच नाही, असं मला वाटलं होतं.

वकीलबाईंनी नीलव्वाकडं बघून नमस्कार केला. मग सिद्धारामला विचारलं, "या कोण?"

तो थांबला. फार नाही थांबला.

"या ना... या गावाकडच्या. माझ्या मावशी."

नीलव्वानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. डबा मांडीवर होता, त्यावर तिचे दोन्ही हात होते. मग ती वकीलबाईंकडं वळली आणि म्हणाली, "होय. मावशी. लहानपणी मीच सांभाळलंय त्याला."

"अरे वा. आणि आई नाही आल्या?"

"तिला प्रवास झेपत नाही," सिद्धाराम म्हणाला.

"गुडघे धरलेत तिचे," नीलव्वा म्हणाली. "नाहीतर आली असती हो. फार इच्छा होती तिची."

तिनं स्वतःला घरी ठेवलं. आजारी पाडलं. पोराची अब्रू राखायला एका दमात सगळं करून मोकळी झाली, आणि वर हसली.

माझ्या पदराला ओढ बसली. दानू. तिला सगळं ठाऊक होतं, आदल्या रात्री नीलव्वा तिच्याच खोलीत निजली होती. "अव्वा, नको," ती कुजबुजली. "त्यांच्याकडं बघ. नको."

मी बघितलं. आणि उठले.

"सर, एक शंका होती."

"विचारा ना, आजी." पाहुण्यांपुढं आवाजात साखर.

"ते नात्यांचं गणित असतं ना, माझ्या नातीला जमलं नव्हतं. तुम्ही तिला तिचं घर फळ्यावर काढायला लावलंत. आम्हा अडाण्यांना कळेल असं एकदा तुमचं घर काढून दाखवा."

"आजी, ते वेगळं उदाहरण..."

"काढा की," नगरकर वकील हसून म्हणाले. "आम्हालाही तुमचे नातेवाईक कळतील. मावशीबाई आहेतच, चुकलं तर सांगतील."

मार्कर उघडताना त्याच्या हातून टोपण पडलं. कुणी उचललं नाही. त्यानं एक गोल काढला, त्यात काहीतरी लिहिलं. त्याच्याशेजारी दुसरा, बराच लांब. मध्ये सरळ रेघ. मला वाचायला वेळ लागतो. "काय लिहिलं?" मी दानूला विचारलं.

"आई आणि बाबा."

मग तो थांबला. नीलव्वा खुर्चीत बसली होती. तिला कुठंतरी ठेवायला हवं होतं. त्यानं आईच्या गोलाला चिकटून आणखी एक गोल काढला. जगात नसलेल्या बाईचा. दानूनं वाचलं नाही, पण मला ते अक्षर लागलं. मावशी.

नीलव्वा त्या फळ्याकडं बघत होती. आपण दोन झालो आहोत, आणि दोन्हीकडं नाही, हे तिला वाचता येत नव्हतं. मला वाटतं तरी कळलं. कारण तिनं डबा खाली ठेवला.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी नंतर मला विचारायला नको. ते लग्न मोडलं. नगरकरांनी नात्यातल्या लग्नासाठी मोडलं नाही, मुलीनंच नको म्हटलं. सिद्धारामनं महिनाभरात बोर्ड उतरवला, तो सोलापूर सोडून गेला. दानूनं परीक्षा दिली, तिला कॉलेज मिळालं, आज ती काळा कोट घालते. माझ्यावर मात्र त्या दिवसासाठी ती अजून थोडी नाराज आहे. आणि नीलव्वा माझ्याशी बोलत नाही. माहेरच्या जत्रेला समोर आली तरी रस्ता बदलते. तिचं बरोबर आहे. पोटच्या पोराला कुणी चारचौघांत सोललं तर मीही बोलले नसते. मला नीलव्वासाठी वाईट वाटतं. त्याच्यासाठी कधीच वाटलं नाही, आणि तो दिवस परत आला तर मी परत उठेन.

दानू म्हणत होती, अव्वा, खाली बस. वकील फळ्याकडं आणि नीलव्वाकडं आळीपाळीनं बघायला लागले होते, त्यांच्या धंद्याची सवय. सिद्धाराम माझ्याकडं बघत होता. डोळ्यांत विनवणी होती. पहिल्यांदा त्याच्या तोंडून कानडी निघालं, अगदी लहान आवाजात. "अव्वा, ब्याडा." नको म्हणून.

मी नीलव्वाचा हात धरून तिला उठवलं, आणि त्या भरल्या खोलीत त्याला म्हटलं,

"सिद्धाराम, लोक म्हणतात माय मरो नि मावशी जगो. पण लोकांची माय आधी मरते तरी! तुझी जितीजागती समोर बसलेली, तू तिची मावशी केलीस, आणि तिनं ते करू दिलं, तेव्हाही तुझा हात थांबला नाही. माझ्या नातीचं घर गुंत्याचंच आहे. त्यातला कुठलाही धागा ओढ, टोकाला तिला आपलं म्हणणारं माणूस सापडेल. आता तुझा ओढून बघ. तुझ्या फळ्यावर दोन बायका आहेत, आणि त्यातली एकही आता तुझी आई नाही."